द्रोणभर चव

स्काउट आणि गाइडच्या पथकात 'खरी कमाई' नावाचा एक उपक्रम असतो. मुले स्वतः काही काम करतात, एखादी वस्तू बनवून विकतात आणि आपल्या कष्टाचे चार पैसे मिळवतात. महाराष्ट्रातील पुष्कळ शाळांत याच धर्तीवर 'आनंद मेळावा' किंवा 'आनंदनगरी' भरते. मुले भेळ, भजी, सरबत विकतात. पालक येतात आणि कौतुकाने खातात. पण मेळाव्याचे पैसे गरजूंसाठी द्यायचे ठरले, म्हणजे मौजेबरोबर जबाबदारीही येते. अशाच एका मेळाव्याची ही हकिकत आहे.

मालेगाव हे नाशिक जिल्ह्यातले यंत्रमागांचे गाव. १८५७ नंतरच्या काळात उत्तर हिंदुस्थानातून अनेक विणकर कुटुंबे येथे आली आणि येथलीच झाली. आजही पहाटेपासून गल्लीगल्लीत मागांची खडखड ऐकू येते. मागावर काम करणाऱ्याला जेवढे कापड विणले तेवढी मजुरी मिळते. सूत महागले, कापडाला गिऱ्हाईक नसले किंवा वीज गेली, की माग थांबतो आणि मजुरीही थांबते. नेमके अशाच दिवसांत दहावीच्या परीक्षेचे अर्ज भरण्याची वेळ आली तर? फी भरली नाही की अर्ज राहतो. अर्ज राहिला की वर्ष जाते. मुलाचे वर्ष गेले तर तो पुढच्या वर्षी बसतो. मुलीचे वर्ष गेले की पुष्कळदा तिची शाळाच सुटते.

या कारणासाठी आमच्या शाळेतील नववीच्या मुलामुलींनी खाद्यपदार्थांचा मेळावा भरवायचे ठरवले. अर्ज साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास भरले जातात, म्हणून मेळावा त्याआधी व्हायला हवा होता. दिवस शुक्रवार ठरला. शुक्रवारी मालेगावात माग बंद असतात, त्यामुळे वडीलमंडळीही घरी असतात. वेळ दुपारी चार ते सात.

पहिल्याच बैठकीत एका मुलाने विचारले, "सर, एक प्लेट पन्नास रुपयांना ठेवू या का? लवकर पैसे जमतील."

मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "पन्नास रुपयांत माणूस एकच पदार्थ खाईल आणि घरी जाईल. त्यापेक्षा थोडे थोडे देऊ. लोक पाच ठिकाणी खातील."

तिचे म्हणणे सर्वांना पटले. मेळाव्यात पोटभर जेवण द्यायचे नाही, फक्त चव द्यायची, असे ठरले. एक द्रोण, त्यात चार घास, किंमत दहा रुपये. द्रोण पानांचेच घ्यायचे. थर्माकोलच्या ताटवाट्यांवर महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये बंदी घातली, हे मुलांना माहीत होते. कबाब वर्तमानपत्राच्या कागदावर द्यावेत, असे कोणी सुचवले. तेही नामंजूर झाले. छपाईची शाई अन्नात उतरते आणि ती शरीराला अपायकारक असते. अन्न सुरक्षेचे काम पाहणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाने २०१६ मध्ये लोकांना याबद्दल सावध केले होते.

आता हिशेब. येथे मला एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या वर्गाला मराठी अवघड वाटते. पण मराठीतले हिशेबाचे शब्द पाहा. हिशेब, जमा, खर्च, बाकी, रक्कम, वसूल, तारीख! हे सगळे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि तुमच्या घरातही रोज बोलले जातात. 'हिसाब'चा 'हिशेब' झाला, एवढाच फरक. तेव्हा निदान जमाखर्चाची वही लिहिताना तरी कोणी मराठीला घाबरू नये.

पुलावाच्या गटाने आपला हिशेब फळ्यावर मांडला. तांदूळ शिजल्यावर त्याचे वजन अडीच ते तीन पट होते. पाच किलो तांदळाचा साडेबारा किलो भात धरला आणि एका द्रोणात शंभर ग्रॅम दिला, तर १२५ द्रोण होतात. प्रत्येकी दहा रुपये, म्हणजे जमा १,२५० रुपये. तांदूळ, हरभरे, तेल, मसाला, गॅस आणि द्रोण यांचा खर्च ९०० रुपये. बाकी ३५० रुपये.

"म्हणजे एवढी धावपळ करून साडेतीनशेच?" एकाचा चेहरा उतरला.

गटाच्या प्रमुख मुलीने खडू उचलला आणि खाली लिहिले : 'पहिले ९० द्रोण = खर्च. शेवटचे ३५ द्रोण = मदत.' वर्ग एकदम शांत झाला. नव्वद द्रोण विकले जाईपर्यंत आपण फक्त दुकानदाराचे पैसे फेडतो. ज्या मुलींच्या फीसाठी हा खटाटोप, त्यांच्या वाट्याला येतात ते शेवटचे पस्तीस द्रोण. ते उरले, सांडले किंवा ओळखीच्यांना फुकट वाटले, तर मेळावा कितीही गाजला तरी हाती काही राहणार नाही. त्या दिवसापासून 'माझ्या मामूंना एक द्रोण असाच देऊ' असे म्हणणाऱ्याला लगेच उत्तर मिळू लागले, "मामूंना सांग, कूपन घ्या!"

खर्च कमी करण्याचा मार्ग आयांनी दाखवला. कोणी तांदूळ दिले, कोणी साखर, कोणी घरचा मसाला. एक बाई शाळेत आल्या आणि दाराशीच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "सर, द्यायला माझ्याजवळ पैसे नाहीत. हात आहेत. कबाब मी थापून देईन." त्यांचीही मुलगी दहावीला होती. ज्यांना मदत मिळणार होती, त्यांच्यापैकी कितीतरी घरांतून अशी मदत आली. म्हणूनच कोणाची फी भरायची आहे, ती यादी मुख्याध्यापक आणि दोन शिक्षक यांच्यापुढे गेली नाही. मेळाव्याच्या पाटीवर 'गरीब मुलींसाठी' असे लिहावे, अशी एक सूचना होती. मुलींनीच ती नाकारली. पाटीवर लिहिले गेले : 'दहावी परीक्षा शुल्क निधी'. मला वाटते, त्या दिवशी मुलींनी आम्हा शिक्षकांपेक्षा अधिक समज दाखवली.

मोसम नदीच्या पलीकडे एक मराठी माध्यमाची शाळा आहे. तेथील मुलांनाही आमंत्रण गेले. त्यांनी आनंदाने होकार दिला आणि खापरावरचे मांडे करणाऱ्या दोन मावशींना बरोबर आणण्याचे कबूल केले. मांडे ही खानदेशाची खासियत. पुरण भरलेला गोळा हातांवर फिरवत फिरवत रुमालासारखा मोठा आणि पातळ करतात आणि चुलीवर पालथ्या ठेवलेल्या मातीच्या खापरावर भाजतात. पाहुण्यांमुळे पाट्या मराठी आणि उर्दू अशा दोन्ही लिपींत लिहिणे भाग पडले. प्रत्येक पाटीवर पदार्थाचे नाव, किंमत, आणि तो शाकाहारी आहे की मांसाहारी हे स्पष्ट लिहिले. ज्यात शेंगदाणे, काजू किंवा दूध आहे, तेही लिहिले. कारण काहींना हे पदार्थ सोसत नाहीत. शाकाहारी पदार्थांच्या टेबलांची रांगच वेगळी केली. त्यांचे चमचे आणि डाव यांना हिरवा दोरा बांधला, म्हणजे गडबडीत अदलाबदल व्हायला नको.

यानंतर मैदानाचा नकाशा काढायचे काम निघाले. शाळेचे मैदान काही मोठे नाही, आणि सहाशे माणसे तरी येतील असा अंदाज होता. गर्दी ही गमतीची गोष्ट वाटते, पण ती केव्हा भयंकर होईल ते सांगता येत नाही. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळच्या मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन जवळजवळ तीनशे भाविक मरण पावले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद जिन्यावर पावसामुळे लोक अडकून राहिले; मागून येणाऱ्यांचा लोंढा थांबेना; २३ जणांचे प्राण गेले. वाट अरुंद असते, पुढच्याला जागा मिळत नाही, आणि मागच्याला पुढे काय झाले ते दिसत नाही. आमच्या मैदानाला दोन फाटके होती. मुलांनी मोठ्या फाटकातून आत यायचे आणि लहान फाटकातून बाहेर जायचे, असा एकाच दिशेचा रस्ता चुन्याने आखला. दोन्ही फाटके मेळावा संपेपर्यंत उघडी राहतील, कोणतेही कुलूप लावले जाणार नाही, असे ठरले.

आगीचाही विचार झाला. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतील कुंभकोणम येथे एका शाळेच्या स्वयंपाकघरात आग लागली. ती गवताच्या छपराला पोचली आणि ९४ मुले दगावली. मालेगावात कापडाला तोटा नाही. मांडवासाठी हवे तेवढे कापड द्यायला पालक तयार होते. पण कापडाखाली शेगडी पेटवायची नाही, यावर सर्वांचे एकमत झाले. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो गळला तर वर न जाता जमिनीलगत पसरतो आणि दूरच्या ठिणगीनेही पेटतो. म्हणून शेगड्या आणि मावशींची चूल मागच्या भिंतीजवळ, उघड्यावर ठेवली. सिलिंडर उभे ठेवले. जवळ वाळूच्या बादल्या ठेवल्या. शेगडीजवळ फक्त मोठी माणसे थांबतील आणि मुले फक्त वाढतील, अशी कामाची वाटणी केली.

अन्न किती वेळ ठेवावे, हे विज्ञानाच्या आपांनी समजावून सांगितले. पाच ते साठ अंश सेल्सिअस या तापमानात अन्नातले जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून गरम पदार्थ साठ अंशांच्या वर आणि दहीबडे, फिरनी यांसारखे पदार्थ बर्फात ठेवावेत. भाताची गोष्ट तर मुलांना नवीनच होती. भात शिजला तरी काही जंतूंची बीजे त्यात जिवंत राहतात. भात कोमट ठेवला की ती वाढतात आणि विष तयार करतात. पुन्हा गरम केल्याने ते विष नाहीसे होत नाही. यावर तोड अशी निघाली, की सगळा पुलाव एकदम शिजवायचा नाही. पहिले पातेले साडेतीनला उतरवायचे, दुसरे साडेपाचला.

कूपने छापून त्यांवर शाळेचा शिक्का आणि क्रमांक घातले. निम्म्याहून अधिक कूपने आठवडाभर आधीच वर्गावर्गात विकली. त्यामागेही हिशेब होता. एका माणसाला कूपन देऊन सुटे पैसे परत करायला अर्धा मिनिट लागतो. म्हणजे एका खिडकीवर तासाला १२० माणसे. सहाशे माणसे पहिल्याच तासात आली, तर पाच खिडक्या लागतील! आमच्याकडे दोनच टेबले मोकळी होती. पदार्थांच्या टेबलांवर पैसे अजिबात घ्यायचे नाहीत, फक्त कूपन घेऊन बंद डब्यात टाकायचे, हा नियमही केला. पुलाव वाढणाऱ्या हातांनी नोटा हाताळायच्या नाहीत, हा त्यातला दुसरा फायदा.

शुक्रवार उजाडला. चारच्या ठोक्याला फाटक उघडले, तेव्हा बाहेर रस्त्यापर्यंत लोक उभे होते. आजोबा, आज्या, कडेवर मुले घेतलेल्या आया, नदीपलीकडून आलेली पाहुणी मुले. पहिली पंधरा मिनिटे सगळे सुरळीत चालले. मग फाटकाशीच माणसे साचू लागली. शामी कबाबांचे टेबल आत शिरल्यावर लगेचच होते आणि त्याचा वास रस्त्यावर जात होता. जो आत येई, तो तेथेच थांबे. मागचे ओरडत होते, "पुढे चला, पुढे चला!" एक लहान मूल रडू लागले.

स्वयंसेवकांच्या प्रमुखाने शिट्टी वाजवली. दोन मुलांनी दोरी धरून फाटकात रांग थांबवली. चौघांनी कबाबांचे टेबल उचलले आणि सरळ मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवले. ध्वनिक्षेपकावरून एका मुलीने उर्दूत आणि मग मराठीत सांगितले, "कबाब संपलेले नाहीत, फक्त दूर गेले आहेत. घाई करू नका." लोक हसले आणि गर्दी पांगली. कबाबांकडे जाणारी माणसे आता वाटेत दहीबड्यांपाशी थांबत, गुलगुल्यांपाशी थांबत, आणि कूपने खर्च करत करत पुढे जात. ज्या पदार्थाला सर्वांत जास्त मागणी, त्याची जागा फाटकापासून सर्वांत लांब, हे गणित कोणत्याही पुस्तकात नव्हते.

मांड्यांपुढेही मोठी रांग लागली. पण ती खाणाऱ्यांइतकीच पाहणाऱ्यांची होती. मांडा सावकाशीने होतो, त्याला घाई चालत नाही. मावशींनी युक्ती केली. एका मांड्याचे चार भाग करून चार द्रोणांत दिले. आमच्या शाळेतल्या एक आजी टक लावून पाहत होत्या. त्यांनी विचारले, "बेटी, हा फाटत कसा नाही?" मावशी म्हणाल्या, "गव्हाचा गुण आहे, आजी, आणि थोडा हाताचा." पुढची दहा मिनिटे दोघी कणीक भिजवण्याबद्दल बोलत राहिल्या. रांग मात्र तशीच उभी होती आणि कोणी तक्रार केली नाही.

साडेपाचला आकाशात ढग आले आणि लोक कमी होऊ लागले. पुलावाचे दुसरे पातेले आता उतरवायचे की नाही? गटाने कूपनांचा डबा उघडून मोजणी केली. ७१ द्रोण गेले होते. फक्त पहिल्या पातेल्यातलेच विकले तर खर्चही निघणार नव्हता, आणि दुसरे शिजवून उरले तर तांदूळ वाया जाणार होता. कोणी म्हणाले, "उरले तर रात्री झोपडपट्टीत वाटू." आपांनी विचारले, "चार तासांचा कोमट भात तुम्ही घरी खाल का?" कोणी उत्तर दिले नाही. शेवटी शिकवणीचे वर्ग सुटण्याची वेळ झाली आहे, असे एकाने आठवण करून दिली. पातेले उतरवले. दोन मुले शिकवणीच्या वर्गाच्या दाराशी जाऊन उभी राहिली. सव्वासहाला भुकेली मुले झुंडीने आली आणि पावणेसातला पातेल्याचा तळ दिसला.

रात्री हिशेब झाला. प्रत्येक टेबलावरची कूपने दोघांनी मिळून मोजायची आणि दोघांनी सही करायची, असा नियम होता. विक्रीच्या वहीत एका मुलाने लिहिले होते : 'क्रमांक १०१ ते १८०, एकूण ७९ कूपने.' पैसे मात्र ८०० रुपये भरत होते. त्याला वाटले दहा रुपये जास्त आले! बाकीच्यांनी त्याला बोटांवर मोजून दाखवले, तेव्हा त्यालाही हसू आले.

पुलावाच्या टेबलाचा घोळ मात्र मिटेना. द्रोण मोजून आणले होते १२५. एकही उरला नव्हता, एकही फाटला नव्हता. कूपने भरली १२४. दोनदा मोजली, तीनदा मोजली. तेव्हा वाढणाऱ्यांपैकी सर्वांत लहान मुलगा, जो इतका वेळ गप्प होता, तो पुढे आला.

"सर, एक छोटी मुलगी होती. ती तीन वेळा येऊन पातेल्यात बघून गेली. तिच्याकडे कूपन नव्हते."

त्याने खिशात हात घालून दहाची नोट काढली. गटाच्या प्रमुख मुलीने ती त्याच्या खिशात परत ठेवायला लावली. मग तिने जमाखर्चाची वही ओढली आणि खर्चाच्या बाजूला सुवाच्य अक्षरात लिहिले : 'एक द्रोण. छोटी पाहुणी. रुपये १०.' खाली दोघांनी सही केली. शनिवारी सकाळी संपूर्ण हिशेब शाळेच्या फलकावर दोन्ही लिपींत लागला, तेव्हा ती ओळही त्यात होती.

स्वाध्याय

१. मुलांनी पोटभर जेवणाऐवजी 'चव' विकण्याचे का ठरवले?

२. 'पहिले ९० द्रोण = खर्च, शेवटचे ३५ द्रोण = मदत' हे वाक्य तुमच्या शब्दांत समजावून सांगा. खर्च ९०० ऐवजी ७०० रुपये झाला असता, तर मदतीचे द्रोण किती झाले असते?

३. क्रमांक १०१ ते १८० ही कूपने ७९ की ८०? कारण लिहा.

४. हिशेब, रक्कम, वसूल, तारीख, खर्च हे शब्द वापरून एकेक वाक्य लिहा. मराठीत आणि उर्दूत सारखे असलेले आणखी पाच शब्द शोधा.

५. तुमच्या शाळेच्या मैदानाचा नकाशा काढा. त्यात येण्याची वाट, जाण्याची वाट, शेगड्या आणि सर्वांत जास्त मागणी असलेल्या पदार्थाचे टेबल कोठे ठेवाल ते दाखवा.

६. छोट्या पाहुणीला द्रोण देणाऱ्या मुलाच्या जागी तुम्ही असता, तर काय केले असते? वर्गात चर्चा करा.